निवाड्यापासून वसुलीपर्यंत : भंडारा जिल्ह्यातील कामगार न्यायव्यवस्थेची वाटचाल

न्यायसंस्थेचा इतिहास लिहिताना इमारतीची पायाभरणी, पीठासीन अधिकाऱ्यांची यादी आणि निकाली काढलेल्या प्रकरणांचा तक्ता एवढ्यावर भागवण्याची आपल्याकडे रीत आहे. कामगार न्यायालयाच्या बाबतीत ती अपुरी पडते. हे न्यायालय एका दिवसात, एका कायद्याने उभे राहिलेले नाही. भंडारा जिल्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होता तेव्हा त्याच्यावर एक कायदा होता, द्विभाषिक मुंबई राज्यात आला तेव्हा दुसऱ्याची छाया पडली आणि महाराष्ट्र झाल्यावर तिसरा लागू झाला. प्रत्येक टप्प्यावर तीन प्रश्नांची उत्तरे बदलत गेली. तक्रार कोणाला करता येईल? ती कोण ऐकेल? आणि निकाल लागल्यावर त्याची अंमलबजावणी कोण करील? या लेखाचे प्रतिपादन असे की, तक्रार ऐकणाऱ्याच्याच हाती अंमलबजावणीचा अधिकार जेवढा राहिला, तेवढा या जिल्ह्यातल्या कामगाराला निवाड्याचा उपयोग झाला. हे दोन अधिकार जिथे वेगवेगळ्या कचेऱ्यांत वाटले गेले, तिथे चांगला निवाडाही फाइलीत अडकला.

हे प्रश्न भंडाऱ्यात एवढे तीव्र का झाले, हे समजण्यासाठी जिल्ह्यातल्या रोजगाराची ठेवण पाहावी लागते. मुंबईसारखी एका आवारात हजारो कामगार राबवणारी गिरणी इथे नव्हती. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी, गावोगाव धानाच्या गिरण्या, भंडाऱ्याची पितळी भांडी आणि घराघरांत बिडी, असा हा पसारा. जवाहरनगरचा आयुध निर्माणी कारखाना, लाखनी तालुक्यातील गडेगावचा अशोक लेलँडचा प्रकल्प, वरठीचा सनफ्लॅगचा पोलाद कारखाना हे सारे नंतरचे. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा जिल्हा होईपर्यंत तिथला मोठा बिडी व्यापारही भंडारा जिल्ह्यातच मोजला जाई. म्हणजे इथला बहुसंख्य कामगार विखुरलेला, तुकड्यावर मजुरी घेणारा आणि मालकाचे तोंड क्वचितच पाहणारा होता. संघटित संपाचे हत्यार त्याच्या हाती नव्हते. एकट्याने करायची तक्रार, एवढेच त्याच्याजवळ होते.

या व्यवस्थेचे मूळ मात्र मुंबईत आहे. १९३८ च्या मुंबई औद्योगिक कलह कायद्याने देशातले पहिले कायमस्वरूपी औद्योगिक न्यायालय मुंबई प्रांतात आले. त्याचे स्वागत झाले नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्टांच्या संघटना यांनी ७ नोव्हेंबर १९३८ रोजी त्या विधेयकाविरुद्ध मुंबईत एक दिवसाचा संप घडवून आणला. सक्तीच्या समेटाच्या नावाखाली कामगाराचा संपाचा हक्क काढून घेतला जातो, हा त्यांचा आक्षेप होता. पुढे १९५४ ची लोकसभेची पोटनिवडणूक ज्या डॉ. आंबेडकरांनी भंडाऱ्यातून लढवली, त्यांचाच हा आक्षेप असल्याने या जिल्ह्याच्या इतिहासात तो बाजूला सारता येत नाही. त्याचे उत्तर भंडाऱ्याच्या परिस्थितीतच शोधावे लागते. गिरणगावातल्या कामगारापुढे संप आणि न्यायालय असे दोन मार्ग होते आणि एकाने दुसऱ्याची वाट अडवली, तर त्याचे नुकसान होते. साकोली किंवा लाखांदूर भागात घरी बसून बिडी वळणाऱ्या बाईपुढे पहिला मार्ग जवळपास नव्हताच. तिच्या दृष्टीने न्यायालयामुळे संप गेला का, हा प्रश्न दुय्यम होता. त्या न्यायालयाचे दार तिला एकटीला उघडता येते का, हा खरा प्रश्न होता. आक्षेपातला दुसरा भाग मात्र आजही टिकून आहे. संपाच्या बदल्यात जो मंच दिला, त्याच्या शब्दाला वजन नसेल, तर कामगाराने दिले ते गेले आणि मिळाले ते पोकळ निघाले.

स्वातंत्र्याच्या वर्षी दोन कायदे आले. केंद्राचा औद्योगिक विवाद अधिनियम १९४७ चा. त्याच वर्षी मध्य प्रांत व वऱ्हाड सरकारने औद्योगिक विवाद मिटवण्यासाठी स्वतःचा कायदा केला आणि नागपूरला प्रांतिक औद्योगिक न्यायालय आले. दोन्ही कायद्यांतला फरक बारकाईने पाहण्याजोगा आहे. केंद्राच्या कायद्यात विवाद न्यायाधिकरणापर्यंत जायचा तर सरकारने तो संदर्भित करावा लागे आणि एकट्या कामगाराच्या बडतर्फीला संघटनेचा पाठिंबा नसेल, तर तो औद्योगिक विवाद मानला जात नसे. प्रांतिक कायद्याच्या कलम १६ ने मात्र बडतर्फ कामगाराला सहा महिन्यांच्या आत स्वतः कामगार आयुक्तांकडे अर्ज करण्याची मुभा दिली. आयुक्तांना चौकशी करून त्याला कामावर परत घेण्याचा आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई देण्याचा आदेश काढता येई. त्यावर औद्योगिक न्यायालयात दाद मागण्याची सोय होती. सी. पी. ट्रान्स्पोर्ट सर्व्हिसेस या नागपूरच्या वाहतूक कंपनीने, ‘एका माणसाची तक्रार म्हणजे औद्योगिक विवाद नव्हे’, असा मुद्दा सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. १९५६ मध्ये तो फेटाळला गेला आणि बडतर्फ झालेला एकटा कामगारही या कलमाखाली दाद मागू शकतो, हे पक्के झाले. केंद्रीय कायद्यात अशीच सोय कलम २-अ घालून १९६५ च्या डिसेंबरपासून झाली. पहिल्या प्रश्नावर, म्हणजे तक्रार कोणाला करता येईल यावर, हा प्रांत देशाच्या जवळपास दोन दशके पुढे होता.

दुसरा आणि तिसरा प्रश्न बिडीने पुढे आणला, आणि तोही ‘छाट’ या प्रथेतून. कारखानदार किंवा त्याचा ठेकेदार तेंदूची पाने आणि तंबाखू मोजून देई. कामगार पाने भिजवून, कात्रीने बेतून, बिडी वळून, दोऱ्याने बांधून माल कारखान्यावर नेई. मजुरी हजारी दराने ठरलेली. पण हजार मोजण्याआधी कारखान्यावरचा माणूस बिड्या निवडून बाजूला काढी. कुठे पान फाटले, कुठे तंबाखू सैल, कुठे तोंड नीट बंद नाही. ही बाजूला काढलेली बिडी म्हणजे छाट. तिची मजुरी मिळत नसे आणि ती बिडीही वळणाऱ्याच्या हाती परत येत नसे, ही कामगारांची जुनी तक्रार होती. हजारातल्या शंभर बिड्या छाटीत गेल्या, की दिवसाच्या मजुरीतला दहावा हिस्सा गेला. दर कितीही ठरवा, किती बिड्यांना तो लागू होणार हे मालकाचा माणूसच ठरवत असेल, तर किमान वेतनाच्या अधिसूचनेला अर्थ उरत नाही.

या छाटीला कायद्यात एक विचित्र दुहेरी स्थान मिळाले. नागपूरच्या एका बिडी कारखान्यातल्या कामगारांनी रजेच्या पगाराचा दावा केला, तेव्हा ते कारखाना अधिनियमाखालचे ‘कामगार’च नाहीत, ते आपल्या मर्जीने येतात-जातात, असा मालकाचा बचाव होता. डिसेंबर १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मानला नाही. न्यायालयाने इतर गोष्टींबरोबर हेही पाहिले की, दिवसाच्या शेवटी नापसंत बिडी नाकारण्याचा अधिकार मालक राखतो. हे कामावरचे नियंत्रणच झाले, असा त्याचा अर्थ लावला. ज्या छाटीने मजुरी कापली जाई, तीच कामगार असल्याचा पुरावा ठरली. पाठोपाठच्या दुसऱ्या एका बिडी खटल्यात, तिथल्या वेगळ्या परिस्थितीमुळे, न्यायालयाच्या बहुमताने कामगारांच्या विरुद्ध कौल दिला आणि १९६४ मध्ये मद्रासकडच्या खटल्यात, मधले ठेकेदार नावापुरते असून बिडी वळणारे मूळ मालकाचेच कामगार आहेत, असे ठरले. तक्रारदार कामगार आहे की नाही, या दारातच अशी वर्षे जात होती.

छाटीवर थेट उपाय करण्याचा पहिला प्रयत्न सरकारने १९५८ मध्ये केला. विदर्भातल्या बिडी उद्योगाचे किमान वेतन सुधारताना मुंबई सरकारने अधिसूचनेत दराबरोबर आणखी काही कलमे घातली. छाट किती काढता येईल याला बंधन घातले आणि त्यावरून वाद झाला, तर तो सोडवण्याचे काम निरीक्षकाकडे दिले. हेतू रास्त होता. गोंदियाच्या बिडी, बिडीपत्ता व तंबाखू व्यापारी संघाने या कलमांना आव्हान दिले आणि १५ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘बिडी, बिडी लीव्ह्ज अँड टोबॅको मर्चंट्स असोसिएशन, गोंदिया विरुद्ध मुंबई राज्य’ या खटल्यात कलम ३ ते ७ रद्द केली. कारण असे की, किमान वेतन अधिनियमाने सरकारला वेतनाचा दर ठरवण्याचा किंवा सुधारण्याचा अधिकार दिला आहे. मालक-कामगारांतल्या कराराच्या अटी बदलण्याचा आणि वाद मिटवण्यासाठी नवी यंत्रणा उभारण्याचा अधिकार त्यात गृहीत धरता येत नाही. असे वाद औद्योगिक न्यायनिवाड्याच्या कक्षेतले आहेत.

हा निकाल कामगारविरोधी होता, असे अनेकांना वाटते. त्या दिवशी बिडी वळणाऱ्याच्या पदरात काही पडले नाही, हे खरेच. पण निकालाचा तर्क नीट पाहिला, तर त्यातून संस्थेच्या इतिहासाला वळण लागले. न्यायालयाने छाट योग्य ठरवली नाही. वाद ऐकण्याचा अधिकार हा मागच्या दाराने, दर ठरवण्याच्या अधिसूचनेच्या पोटात घालून देता येत नाही, एवढेच म्हटले. निरीक्षकाला असा अधिकार दिला असता, तरी त्याच्या निर्णयाची वसुली कोणी आणि कशी करायची, यावर पुढे पुन्हा वाद झालेच असते. कमकुवत पायावरचा मंच कामगाराच्या बाजूने उभा राहिला, तरी पहिल्याच आव्हानात तो ढासळतो आणि कामगाराची सर्व वर्षे वाया जातात. विधिमंडळाने किंवा संसदेने स्पष्ट शब्दांत अधिकार द्यावा, हाच त्यातला धडा होता.

तो संसदेने पाच वर्षांत घेतला. १९६६ च्या बिडी व सिगार कामगार (रोजगाराच्या अटी) अधिनियमाने घरी बिडी वळणाऱ्यालाही कर्मचारी मानले आणि ठेकेदाराच्या मागे उभ्या असलेल्या मुख्य मालकालाही जबाबदारीत ओढले. कलम ३९ मध्ये तर गोंदियाच्या खटल्यात अडलेला मुद्दा जवळपास जसाच्या तसा सोडवलेला दिसतो. मालकाने कच्चा माल देणे, त्याने बिडी नाकारणे आणि नाकारलेल्या बिडीची मजुरी या तीन विषयांवरचे वाद राज्य सरकारने नियमांनी नेमलेल्या प्राधिकाऱ्याने मिटवायचे, असे तिथे लिहिले होते. सहा महिने काम केलेल्याला रास्त कारणाशिवाय आणि महिन्याच्या नोटिशीशिवाय काढता येणार नाही, असे बंधन कलम ३१ ने घातले. बिडी कारखानदारांनी हा कायदाही न्यायालयात नेला, पण १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. जे अधिसूचनेला जमले नाही ते कायद्याला जमले, आणि त्यात भंडारा-गोंदियाच्या तंट्याचा वाटा होता, हे या जिल्ह्याने विसरू नये.

आज भंडाऱ्याच्या कामगार न्यायालयात जे काम चालते, त्याचा कणा मात्र वेगळा आहे. १९६८ मध्ये राज्य सरकारने अनुचित कामगार प्रथांवर समिती नेमली आणि तिच्या शिफारशींवरून महाराष्ट्र कामगार संघांना मान्यता देण्याबाबत व अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करण्याबाबतचा १९७१ चा अधिनियम आला. तो ८ सप्टेंबर १९७५ रोजी अमलात आला. त्याने तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकत्र बांधली. कामगार, संघटना, मालक किंवा तपास अधिकारी यांपैकी कोणीही थेट तक्रार करू शकतो, सरकारच्या संदर्भाची गरज नाही. चौथ्या अनुसूचीतल्या पहिल्या बाबीखालची, म्हणजे बडतर्फीची किंवा सेवामुक्तीची तक्रार कामगार न्यायालयाकडे जाते. वर्षानुवर्षे हंगामी म्हणून राबवणे (बाब ६), करार किंवा निवाडा न पाळणे (बाब ९) अशा बाकीच्या तक्रारी औद्योगिक न्यायालयाकडे. घटनेपासून ९० दिवसांत तक्रार यावी, सबळ कारण असल्यास उशीर माफ व्हावा आणि शक्यतो सहा महिन्यांत निकाल लागावा, अशी कलम २८ ची योजना आहे.

प्रत्यक्ष तक्रारीचा प्रवास पाहिला, तर तपशिलात गुंता फार. समजा, एका एसटी वाहकावर तिकिटांच्या पैशांत गफलत केल्याचा आरोप आहे. खात्यांतर्गत चौकशी होते, आरोपपत्र, साक्षी, चौकशी अहवाल, कारणे दाखवा नोटीस आणि मग बडतर्फीचा आदेश. तक्रार दाखल झाल्यावर न्यायालय आधी चौकशी न्याय्य झाली का, हे तपासते. साक्षीदाराची उलटतपासणी घेऊ दिली का, अहवालाची प्रत दिली का, निष्कर्षाला पुरावा आहे का. चौकशी सदोष ठरली, तर मालकाला न्यायालयापुढे आरोप नव्याने सिद्ध करण्याची संधी मिळते. चौकशी टिकली, तर शिक्षा आरोपाच्या मानाने धक्कादायक रीतीने जड आहे का, हा पुढचा प्रश्न. या प्रत्येक टप्प्यावर वेगळा आदेश निघू शकतो आणि त्या प्रत्येकावर पुनरीक्षण अर्ज होऊ शकतो. सहा महिन्यांची मुदत कुठे जाते, याचे उत्तर या पायऱ्यांत आहे. दैनंदिन मजुरीवरच्या कामगाराच्या तक्रारीत तर त्याआधी आणखी एक पायरी असते. हजेरीपटावर नाव नसेल, पगार रोखीने मिळत असेल, तर त्याला आधी आपण तिथे कामाला होतो, हेच सिद्ध करावे लागते.

अंमलबजावणीच्या बाबतीत मात्र या कायद्याने मोठी झेप घेतली. कलम ३० खाली न्यायालय अनुचित प्रथा झाल्याचे जाहीर करू शकते, ती थांबवण्याचा, कामावर परत घेण्याचा, भरपाईचा आदेश देऊ शकते आणि प्रकरण चालू असतानाच अंतरिम आदेशही काढू शकते. हा आदेश मोडणाऱ्याला कलम ४८ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पैसे थकले, तर कलम ५० खाली तेच न्यायालय जिल्हाधिकाऱ्यांकडे वसुली प्रमाणपत्र पाठवते. केंद्रीय कायद्याच्या कलम ३३-क (१) मध्ये यासाठी आधी सरकारकडे अर्ज करावा लागे, सरकारची खात्री पटावी लागे आणि मग प्रमाणपत्र निघे. महाराष्ट्राच्या कायद्याने मधली ही पायरी काढून टाकली. निवाडा देणाऱ्याच्याच सहीने वसुलीची सुरुवात होऊ लागली.

तरीही पुढचा टप्पा दुसऱ्या कचेरीतच राहिला. प्रमाणपत्र जिल्हाधिकारी कार्यालयात पोचते, तिथून तहसीलदाराकडे, आणि ती रक्कम जमीन महसुलाची थकबाकी समजून वसूल करायची असते. नोटीस, मग जंगम मालाची जप्ती, मग स्थावरावर बोजा आणि लिलाव, हा त्याचा क्रम. कागदावर यापेक्षा मजबूत वसुली नाही. व्यवहारात तहसील कचेरीचे उद्दिष्ट शेतसारा आणि गौण खनिज यांच्या वसुलीवरून मोजले जाते. कामगाराचे प्रमाणपत्र त्या उद्दिष्टात बसत नाही. धानाची गिरणी बंद पडली, यंत्रे विकली गेली किंवा ती बँकेकडे गहाण असली, तर प्रमाणपत्रावर ‘वसुलीयोग्य मालमत्ता नाही’ असा शेरा येतो. त्या शेऱ्याची माहिती न्यायालयाला आपोआप होत नाही. कामगाराच्या हाती निकालाची प्रत असते, पैसे नसतात. या लेखाच्या प्रतिपादनाला याहून थेट पुरावा नको.

याला पहिला आक्षेप वकिलांचा आहे. अंमलबजावणी अडते ती वसुलीच्या यंत्रणेमुळे नव्हे, तर उच्च न्यायालयातल्या याचिकांमुळे, असे ते म्हणतात. कामगार न्यायालयाचा निकाल, मग कलम ४४ खाली औद्योगिक न्यायालयात पुनरीक्षण, मग उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे याचिका, असा वर्षांचा प्रवास खरा आहे. १९८४ पासून केंद्रीय कायद्यात कलम १७-ब आले. पुनःस्थापनेच्या निवाड्याविरुद्ध मालक वरच्या न्यायालयात गेला, तर तोवर कामगाराला शेवटचा पगार चालू ठेवावा, अशी तरतूद त्यात झाली, तीही याच अनुभवातून. पण या आक्षेपाने मूळ मुद्दा बळकटच होतो. स्थगितीचा मोह मालकाला तेव्हाच होतो, जेव्हा न भरता काळ काढणे त्याला स्वस्त पडते. वसुली तातडीची आणि निश्चित असती, तर बरीच प्रकरणे खालच्याच पायरीवर मिटली असती.

दुसरा आक्षेप उद्योजकांचा. ज्या न्यायालयाच्या हातात कैदेचा अधिकार आहे, ते एकतर्फी आहे आणि अशा व्यवस्थेमुळे मागास विदर्भात कारखाने येत नाहीत. हा कायदा एकतर्फी नाही. त्याच्या तिसऱ्या अनुसूचीत कामगार संघटनांच्या अनुचित प्रथा दिल्या आहेत आणि बेकायदा संपाविरुद्ध मालक याच कायद्याखाली न्यायालयात जातो. २०२१-२२ च्या एसटी संपात महामंडळाने न्यायालयांचे दार ठोठावले होते, आणि ७ एप्रिल २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने कर्मचाऱ्यांना २२ एप्रिलपर्यंत कामावर रुजू होण्यास सांगितल्यावर तो तिढा सुटत गेला. म्हणजे आदेशाला वजन असावे, ही गरज मालकाचीही आहे. वरठी किंवा गडेगाव इथे मोठे कारखाने आले ते हाच कायदा लागू असतानाच, हेही लक्षात घ्यावे.

तिसरा आक्षेप कामगार कार्यकर्त्यांचा आणि तो सर्वांत वजनदार आहे. त्यांच्या मते हा कायदा कायम कामगाराचे रक्षण करतो, पण कंत्राटी कामगार दारातच अडतो. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कल्याणी स्टील्स आणि सिप्ला या दोन प्रकरणांत ठरवले की, मालक-कामगार नाते वादग्रस्त असेल, तर ते आधी योग्य मंचाकडून ठरवून आणावे लागते, अनुचित प्रथेच्या तक्रारीत त्याचा निवाडा होणार नाही. भंडाऱ्यात याचा अर्थ असा की, कारखान्याच्या फाटकात कंत्राटदारामार्फत येणाऱ्या माणसाला दोन खटले लढावे लागतात. पहिला तो कोणाचा कामगार हे ठरवण्यासाठी, दुसरा त्याला काढले ते चूक होते हे दाखवण्यासाठी. खाणकामगाराची अडचण आणखी वेगळी. खाणीसाठी ‘समुचित सरकार’, म्हणजे विवादावर कायद्याने अधिकार असलेले सरकार, केंद्राचे असल्याने चिखला किंवा डोंगरी बुजुर्ग इथल्या कामगाराचा वाद भंडाऱ्यात येत नाही, तो नागपूरच्या केंद्रीय औद्योगिक न्यायाधिकरणाकडे जातो. आयुध निर्माणीचे कर्मचारी केंद्राच्या कक्षेत, मग कारखाना २०२१ मध्ये म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेला तरी. एकाच जिल्ह्यातल्या तीन कामगारांना तीन दारे आणि तीन मुदती. हा आक्षेप खोडून काढता येत नाही. छाटीचा प्रश्न १९६६ मध्ये जसा कायद्याने सोडवला, तसाच हाही कायद्यानेच सोडवावा लागेल, निवाड्याने तो सुटणार नाही.

तडजोड हा मार्ग बरा, असे म्हणणाराही एक वर्ग आहे. लोकअदालतीत एका बैठकीत प्रकरण मिटते, दोन्ही बाजूंचा खर्च वाचतो. तडजोडीला कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही. पण मालक तडजोडीला बसतो, तो समोर अंमलबजावणीची शक्यता दिसते म्हणून. वसुली होणार नाही, याची त्याला खात्री असेल, तर तडजोडीत तो निम्म्याहूनही कमी देऊ करतो आणि थकलेला कामगार ते घेतो. तडजोडीचा भाव शेवटी वसुलीच्या ताकदीवरच ठरतो. कायद्यानेही हे ओळखले आहे, म्हणूनच झालेला करार न पाळणे हीच स्वतंत्र अनुचित प्रथा ठरवली आहे.

आता व्यवस्था पुन्हा बदलते आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अमलात आल्या. औद्योगिक संबंध संहितेने कामगार न्यायालयांऐवजी न्यायिक आणि प्रशासकीय सदस्यांची औद्योगिक न्यायाधिकरणे योजली आहेत आणि १९६६ चा बिडी कायदाही व्यावसायिक सुरक्षा संहितेत विलीन केला आहे. संहितेतही पैशांच्या वसुलीचा मार्ग शेवटी जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवायच्या प्रमाणपत्रावरच येऊन थांबतो. म्हणजे दाराची पाटी बदलली, तरी गेल्या पाऊणशे वर्षांतली सर्वांत कच्ची कडी तशीच आहे. म्हणून या संस्थेच्या पुढच्या काळासाठी मागणी साधी असावी. न्यायाधिकरणाने पाठवलेल्या प्रत्येक वसुली प्रमाणपत्राची स्वतंत्र नोंदवही जिल्हाधिकारी कार्यालयात असावी, महसूल वसुलीच्या मासिक आढाव्यात ती घेतली जावी आणि प्रमाणपत्राचे काय झाले, याचा अहवाल ठरलेल्या मुदतीत ते पाठवणाऱ्या न्यायपीठाकडे परत यावा. वसूल न झालेल्या प्रमाणपत्रावर त्या पीठाला पुढचा आदेश काढता यावा. यासाठी नवी इमारत लागत नाही, नवे पदही लागत नाही. संस्थेच्या वार्षिक विवरणपत्रात आजवर निकाली तक्रारींचा रकाना असतो, त्याच्या शेजारी ‘प्रत्यक्ष अमलात आलेले आदेश’ असा दुसरा रकाना आला पाहिजे. त्या दोन आकड्यांतले अंतर किती आणि ते दरवर्षी किती कमी होते, यावर या न्यायव्यवस्थेचा पुढचा इतिहास लिहिला जाईल.